हात न लावता

संयोगितेचं कामात लक्ष म्हणून नव्हतं. समोर लॅपटॉपवर इंदिरानगरच्या ऑफिसची मीटिंग चालू आणि कान मात्र शेजारच्या खोलीत. तिथे गंगव्वा हिच्या सासऱ्यांकडून, अण्णांकडून, व्यायाम करून घेत होती. म्हणजे, संयोगितेच्या मते, घेत नव्हतीच.

अण्णा दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. फरशीवर साबणाचं पाणी राहिलं होतं ते संयोगितेच्या हातून. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला जास्त खात होतं. अण्णा पुन्हा आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता. नवरा गिरीराज सकाळीच बोम्मसंद्राच्या कारखान्यात जायचा. दिवसभर घरी ही दोघंच.

फिजिओथेरपिस्ट प्रांजली मॅडम रोज येतील अशी तिची कल्पना. त्या एकदा आल्या, तपासून व्यायाम लिहून गेल्या आणि रोजच्यासाठी त्यांनी आपली सहायक पाठवली, सीमाभागातल्या चिक्कोडीकडची गंगव्वा. ना मालीश, ना मशीन. अण्णांच्या मागे हात पुढे करून बाई नुसती उभी! वर सारखं एकच पालुपद : "निल्ली अण्णा, निल्ली."

लग्नानंतर पुण्याहून आलेल्या संयोगितेचं कन्नड रिक्षात शिकलेलं. "इल्ली निल्सी" म्हटलं की रिक्षा थांबते, एवढं तिला पक्कं ठाऊक. माणूस जिवाच्या आकांताने धडपडतोय आणि ही बया त्याला थांब थांब करतेय! तीन आठवडे तिने दातओठ खाऊन काढले. आज पुन्हा "निल्ली" ऐकलं आणि मीटिंग तशीच टाकून ती आत घुसली.

अण्णा वॉकर सोडून उभे होते. कशालाच न धरता. पाय लटलटत होते आणि गंगव्वाचे हात त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब.

"अहो, पडतील ना ते!" संयोगितेने धावत जाऊन त्यांचा दंड पकडला. अण्णा दचकले, तोल गेला. गंगव्वाने त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरला आणि त्यांना अलगद खुर्चीत बसवलं.

"तुम्ही सारखं थांबवता कशाला त्यांना?"

"कुठं थांबिवलं अक्का? निल्ली म्हंजे उभं ऱ्हावा." गंगव्वाचा आवाज चढला नाही. "मॅडमनी लिवलंय, हात न लावता धा आकडे. आज सातपतोर गेलते. मी धरत बसले तर माझंच हात मजबूत हुतील, त्यांचं पाय न्हाई. कुठल्या बाजूला कलतात, कधी दमतात, ते बघून मॅडमना सांगायचं. पडाय लागले तर धरायचं. हेच माझं काम."

संयोगितेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा आपल्यापायी पडले, आज आपणच त्यांना पाडलं असतं.

"अण्णा, पुन्हा एकदा करा ना. मी नाही धरणार."

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "तू समोर असलीस की मलाच भीती वाटते बाळ. तुझं तोंड बघितलं की वाटतं, मी पडणारच. स्वल्प बाहेर बस, थोडा वेळ."

दार ओढून ती बाहेर आली. सोफ्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. आतून आवाज येईना. शेवटी न राहवून ती दाराशी गेली आणि तिने कडीला हात घातला.

"आत येऊ नकोस," अण्णांचा आवाज अगदी दारापाशी होता. "मीच येतोय बाहेर."