बोलून गेलेला माणूस

गुरुप्रसाद वकील मेले आणि कंपनीला वाचा फुटली.

ते जिवंत होते तोवर दोन वर्षं कंपनीने हूं की चूं केलं नव्हतं. खाडीवरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, कंपनीला माल ठेवायचं यार्ड करायचं होतं. गोदाबाईंच्या मुंबईच्या भाऊबंदांनी जमीन विकली, सह्या ठोकल्या, मोकळे झाले. पण त्याच कातळाच्या कडेला, आंजणीच्या झुडपांत, वाडीची पोरं पुरायची जागा होती. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. पाच गुंठे जागा, पण तिथे किती पिढ्यांची पोरं निजली असतील कोण सांगणार! तिथे जेसीबी फिरू देणार नाही म्हणून गोदाबाईंनी रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला आणि सगळ्या जमिनीवर मनाई आणली. वकील घरचीच, नात तेजस्वी.

मग एका तारखेला कंपनीतर्फे गुरुप्रसाद वकील उभे राहिले आणि म्हणाले, "त्या पाच गुंठ्यांना कंपनी हात लावणार नाही. कुंपण घालून सोडून देऊ. बाकीची मनाई उठवावी." शेजारी कंपनीचा मॅनेजर निलेश बसून मान डोलवत होता. तेजस्वी म्हणाली, "आमची हरकत नाही. वर्षातून एक दिवस, सर्वपित्रीला, घरच्यांना आत सोडलं की झालं." न्यायाधीशबाईंनी दोघांचं बोलणं लिहून घेतलं. गोदाबाई त्या दिवशी कोर्टात नव्हत्या. घरी भात झोडणी होती.

आणि आता, वकिलांची राख थंड होते न होते तोच, कंपनी कोर्टात अर्ज करून म्हणायला लागली की ते आपल्या मनाने बोलले. तसं बोलायचा अधिकार आम्ही दिला नव्हता. ठराव नाही, पत्र नाही. पाच गुंठे आमचेच, आम्ही सपाट करणार.

"मेलेल्याला साक्षीला बोलावता येत नाय, म्हणून ही मस्ती," गोदाबाई म्हणाल्या. "अगो, माणूस जाळला म्हणून त्याचा शब्द जळतो काय?"

"आजी, उद्या कोर्टात असं बोलू नको हां."

"मग कसं बोलू? तुझ्यासारखं, नाकातून?"

तेजस्वीने हसून समजावलं. कागद नसला तरी चालतं. कंपनीने ज्याला पुढे केलं, हा आमचा म्हणून चारचौघांत दाखवलं, त्याच्या शब्दावर समोरच्याने विश्वास ठेवला, तर तो शब्द कंपनीला बांधतो.

"हे शिकायला मुंबैला पाच वर्षं राहिलीस? सोयरिकीच्या बैठकीत मामाला पुढे बसवायचं, आणि मग म्हणायचं मामाला कोण विचारतो! थोबाड फुटेल ना गो."

एक गोष्ट मात्र तेजस्वीला ठाऊक नव्हती. कुणालाच नव्हती.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी गोदाबाईंची नऊ दिवसांची मुलगी त्या आंजणीखाली ठेवली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावसुद्धा नव्हतं. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला लाकडं आणायच्या निमित्ताने गोदाबाई सड्यावर जायच्या, दिवा लावायच्या आणि म्हणायच्या, "आले गो." नाव नसलेल्या पोरीला दुसरी हाक कुठली मारणार? एकदा ताप होता म्हणून गेल्या नाहीत, तर घरात ऐकू आलं. रडणं नव्हतं ते. रडून रडून दमलेलं मूल हुंदके देतं, तसं. वारा खाडीकडून होता आणि आवाज सड्याकडून येत होता, वाऱ्याच्या उलट. अंगात ताप घेऊन त्या कातळ चढल्या. दिवा लावला तेव्हा थांबलं.

हे नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. मुलाला सांगितलं नाही. अख्खी वाडी जिभेने सोलणाऱ्या बाईने कुणापुढे म्हणायचं, की मी मेलेल्या पोरीशी बोलते? कुंपण झालं तेव्हाही तारेखालून वाकून जायच्या. यार्डाच्या फाटकावरचा राखणदार धाकू वाडीतलाच, तो तोंड फिरवून बिडी ओढायचा.

दुसऱ्या दिवशी कोर्टात कंपनीचा नवा वकील आला. गुरुप्रसाद वकील बसायचे त्या खुर्चीवर त्याने फाईल ठेवली. ती खाली घसरली. उचलून ठेवली, परत घसरली. मग त्याने ती हातातच धरली. लोकांना पंख्याचा वारा वाटला. गोदाबाई पुटपुटल्या, "बसलेत तिथे. बघतायत."

नव्या वकिलाने फाईलमधून फोटो काढून टेबलावर मांडले. यार्डाच्या कॅमेऱ्यातले होते. रोजची तारीख, रोजची संध्याकाळ. प्रत्येकात तारेखालून वाकून जाणारी एक म्हातारी, हातात दिवा.

"यांच्या वकिलांनी शब्द दिला होता, वर्षातून एक दिवस. या बाई रोज जातात. यांना यांच्या वकिलाचा शब्द बांधत नाही, मग मेलेल्या वकिलाचा शब्द आम्हाला कसा बांधतो?"

तेजस्वीने मागे वळून पाहिलं. "आजी?"

न्यायाधीशबाईंनी गोदाबाईंना पुढे बोलावलं. "आजी, नात जे बोलली ते तुम्हाला विचारून?"

विचारून नव्हतंच. तेच खरं होतं, आणि खरं बोलायला गोदाबाई कधी कुणाच्या बापाला भ्यायल्या नव्हत्या. पण मला नाही विचारलं, म्हणून मी मोकळी, असं म्हटलं की कंपनीही तेच म्हणणार. रोजची वाट मोकळी होणार, आणि वाटेच्या टोकाला नुसता खड्डा.

"विचारून नाय," त्या म्हणाल्या. "पण वकीलपत्रावर सही माझी हाय. मी तिला उभी केली. ती बोलली ते मीच बोलले."

"आणि हे फोटो?"

"चुकले." हा शब्द वाडीने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "यापुढे नाय जाणार."

न्यायाधीशबाई नव्या वकिलाकडे वळल्या. "गुरुप्रसाद वकिलांना तुम्हीच वकीलपत्र देऊन उभं केलंत. ते बोलले तेव्हा तुमचा मॅनेजर शेजारी होता, गप्प बसला. त्यांच्या शब्दावर मनाई उठली, तुम्ही यार्ड बांधलंत, दोन वर्षं तक्रार नाही. समोरच्याने काय समजायचं? आतून तुमचं काय ठरलं होतं ते तुम्ही जाणा. शब्द कंपनीचाच आहे. पाच गुंठ्यांना हात लावायचा नाही. आणि आजी, तुम्ही फक्त सर्वपित्रीला."

एसटीतून वाडीच्या थांब्यावर उतरल्यावर तेजस्वी म्हणाली, "मला एकदा सांगितलं असतंस, तर मी रोजचं मागून घेतलं असतं. दिलंही असतं त्यांनी."

"माझ्याच तोंडाला तेव्हा कुलूप होतं," गोदाबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

तिन्हीसांज झाली. गोदाबाईंनी दिवा लावला, तुळशीपाशी ठेवला आणि पडवीत सड्याकडे पाठ करून बसल्या. सर्वपित्रीला अजून सात महिने होते. तेजस्वी आत कागद आवरत होती. मधेच तिचे हात थांबले.

"आजी, कोणाचं गो मूल रडतंय? वाडीत आता मूल कुठाय?"

तेजस्वी दाराशी आली, कान देऊन उभी राहिली. "रडत नाहीये. हुंदके देतंय. आणि आजी, आवाज जवळ येतोय."

नऊ दिवसांचं मूल चालत नाही, हे गोदाबाईंना कळत होतं. तारेबाहेरून नुसती हाक मारली तर ते येईल की नाही, ते मात्र त्रेचाळीस वर्षांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तोंड वळवलं नाही.

"दार लावू नको," त्या नातीला म्हणाल्या. आणि मग अंगणाकडे, हळूच, "ये गो."