दसऱ्याला वाचलेलं पत्र

झाकण जरा सावकाश उघडा बरं, मित्रांनो! पत्र्याची जुनी पेटी आहे मी. बिजागऱ्या कुरकुरतात, कडी हातात येते. एकेकाळी मी हिरवीगार होते असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे! पण आलाच आहात तर माझ्या पोटात काय काय होतं ते ऐकून जा. फार दिवस एकटीनं सांभाळलंय, आता सांभाळवत नाही.

१९६३ साली लोणावळ्याच्या बाजारात अंबाजी नावाच्या कारागिरानं मला घडवलं. ठोकून ठोकून जीव नकोसा केला मेल्यानं, पण काम चोख होतं. मला विकत घेतलं भाजे गावच्या गेणूनं. गेणू रेल्वेत गँगमन. मळवलीच्या आसपास रुळांखालची खडी ठोकायची, सैल बोल्ट आवळायचे, उन्हापावसात रूळ राखायचे, हे त्याचं काम. मला डोक्यावर घेऊन तो गावापर्यंत चालत गेला आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला, "मारुतीची पेटी हाय! पोरगं पुण्याला कॉलेजात चाललंय!" कुणी विचारो न विचारो.

मारुती त्याचा थोरला मुलगा. मॅट्रिकला चांगले गुण मिळाले म्हणून सरकारनं त्याला कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली. म्हणजे शिकताना पैसे घ्यायचे आणि पुढे हप्त्यांनी फेडायचे. कागद इंग्रजीत. गेणूनं जामीन म्हणून अंगठा उठवला. कशावर ते त्यानं विचारलं नाही आणि कारकुनानं सांगितलं नाही. सरकार आपल्या पोराला पैसे देतंय एवढंच गेणूला कळलं आणि त्यानं साऱ्या गँगला गूळखोबरं वाटलं. "माज्या पोराचं डोकं बघून सरकारनं बक्षीस दिलं!"

मारुतीला खरं ठाऊक होतं. पण बापाचा तो आनंद बघून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार वर्षं गेली. मला त्याचा राग येतो, मित्रांनो. वसतिगृहात खाटेखाली मी होते. सुट्टीला घरी निघायच्या आदल्या दिवशी तो मला भरायचा, मग माझ्यावरच बसून राहायचा. सांगायचं ठरवूनच निघायचा बिचारा, आणि न सांगताच परत यायचा.

तो बी.ए. झाला खरा, पण बी.ए. झालेली पोरं तेव्हा पैशाला पासरी होती. वर्षभर घरी बसून शेवटी तो मुंबईला गेला. कधी दुकानात, कधी छापखान्यात मिळेल ते काम करू लागला. मी भाज्यालाच राहिले, आणि झाले नंदाची.

नंदा म्हणजे मारुतीची धाकटी बहीण. काय सांगू तुम्हाला तिचं! भावापेक्षा दसपट तल्लख. मळवलीहून गाडीनं लोणावळ्याच्या शाळेत जायची. संध्याकाळी माझ्यावर पाय दुमडून बसायची आणि इंग्रजीचे धडे मोठ्यानं म्हणायची. गेणू भाकरी खाता खाता ऐकत राहायचा. कळायचं काडीचंही नाही, पण मान डोलवायचा. "नंदे, तू मॅट्रिक हो. मंग ही पेटी घेऊन तुलाबी पुण्याला धाडतो," असं त्यानं तिला कबूल केलं होतं. नंदानं ते मनावर घेतलं होतं. तिला डॉक्टरीण व्हायचं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, आणि ती वही माझ्यात होती.

मग १९७० साली ती पत्रं यायला लागली. लांब पाकीट, वर सरकारी शिक्का, आत इंग्रजी. पोस्टमन बाजीराव ती आणून द्यायचा. त्याला पत्ता वाचता येई, आतलं नाही. गेणूची समजूत झाली की सरकार पोराला शाबासकी देतंय. दर वेळी नंदाची आई, बयाबाई, पाकिटाला हळदकुंकू लावायची आणि मारुतीच्या पदवीच्या कागदाशेजारी माझ्यात ठेवायची. "कुणाकडून तरी वाचून घ्या," असं बाजीराव म्हणाला, तर गेणूला राग आला. "कुनाकडनं कशापायी? माजी नंदी वाचंल. दसऱ्याला चार मानसांत वाचंल."

दसऱ्याच्या दिवशी गेणूनं आपला हातोडा, पाना, फावडं धुऊन पुजलं. त्यांच्या शेजारी नंदाची पुस्तकं आणि ती तीन पाकिटं ठेवली. गँगमधली माणसं बायकापोरांसह अंगणात जमली. नंदानं सगळ्यात नवं पाकीट उघडलं. सुरुवातीला ती मोठ्यानं वाचत होती. मग आवाज बारीक झाला. मग थांबलाच.

"वाच की गं! काय म्हनतंय सरकार?" गेणू म्हणाला.

पत्रात लिहिलं होतं की तुमच्या मुलानं कर्जाचा एकही हप्ता भरलेला नाही. अठराशे रुपये येणे आहेत. तुम्ही जामीन आहात, तेव्हा तुमच्या पगारातून कापून घेऊ.

चौदा वर्षांची पोर ती. तिनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा माणसांकडे, आणि म्हणाली, "आबा, साहेब म्हणतात, तुमच्या मुलानं नाव काढलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! गेणूनं डोळे पुसले. मी दारातच होते. माझा पत्रा उन्हानं तापला होता, तरी आतून थंडगार पडले मी.

दुसऱ्या दिवशी नंदानं बाजीरावला गाठलं. माझ्याच कडेला उभी राहून ती त्याच्या विनवण्या करत होती. "काका, आबांना कळलं तर ते रुळावर मान वर करून चालनार न्हाईत. गँगमदी सगळ्यांनी गूळ खाल्लाय." बाजीराव भला माणूस. तो पुण्याच्या कचेरीत जाऊन आला. महिन्याला वीस रुपये भरले तर गेणूच्या पगाराला हात लावणार नाहीत, असं ठरलं. नंदानं मारुतीला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं दोन ओळींचं, 'मला ठाऊक होतं. नोकरी लागू दे, मी फेडतो, तोवर आबांना सांगू नकोस.'

नोकरी लागेपर्यंत काय करायचं ते त्यानं लिहिलं नव्हतं. नंदानं ते आपलं आपण ठरवलं. एका सकाळी ती गेणूसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, मला शाळेचा कंटाळा आलाय. मी चिक्कीच्या कारखान्यात जाते."

गेणूनं लेकीवर कधी बोट उगारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. "भाऊ बघ, सरकारचं बक्षीस घिऊन शिकला! आन तू? चिक्की लाटतीस व्हय?" मारून झाल्यावर माझ्यावर बसून तोच रडला. नंदा रडली नाही.

रोज तीच गाडी, तेच लोणावळा, पण हातात दप्तराऐवजी भाकरीचा डबा. गुळाचा तापलेला पाक पाटावर ओतायचा आणि थंड व्हायच्या आत लाटायचा. बोटं भाजायची. रोजचे दोन रुपये मिळत, घरी सव्वा सांगायची. "लुबाडत्यात तुला," असं म्हणून गेणू मालकाला शिव्या घालायचा, आणि ती निमूट ऐकून घ्यायची. लपवलेल्या पैशांतून दर महिन्याला वीस रुपये पुण्याच्या कचेरीला जायचे, आणि मनिऑर्डरच्या पावत्या माझ्या तळाशी कागदाखाली जमत गेल्या. दोन वर्षांनी मारुतीला कायमची नोकरी लागली. तो घरी आला, त्यानं पावत्या बघितल्या आणि बहिणीचे भाजलेले हात हातात घेऊन ढसाढसा रडला. पुढचे हप्ते जास्तकरून त्यानंच भरले. १९७४ साली कर्ज फिटलं.

त्या संध्याकाळी नंदानं हळूच विचारलं, "आबा, मी परत शाळेत जाऊ?"

"तवा नगं नगं म्हनलीस. आता अठरा वर्साची पोरांत बसनार? लोक हसत्याल." गेणू चिडून नाही बोलला, दमून बोलला. नंदानं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी अंगणात चुलीवर पाणी तापत होतं. नंदानं माझ्या तळातून सगळ्या पावत्या काढल्या आणि एकेक करून चुलीत घातल्या. मारुती धावत आला. "राहू दे नंदा! आज मी आबांना सगळं सांगतो."

"आज? एवढ्या पावन्यांत? गप बस दादा," ती म्हणाली. आणि तो गप बसला. शिकलेला माणूस! माझ्या हाती असतं तर झाकण आपटून सारं गाव गोळा केलं असतं.

पाठवणीच्या वेळी गेणूनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. तो म्हणाला, "पोरी, झालं गेलं. पर तुज्या लेकरांना शिकीव. तुज्यावानी शाळा सोडू दिऊ नगंस त्यास्नी."

"व्हय आबा," नंदा म्हणाली आणि गाडीत बसली.

मित्रांनो, कळत नसलेल्या कागदावर तुमच्या वडिलांना अंगठा उठवू देऊ नका, आणि तुम्हाला कळला असेल तर लाजेपायी लपवू नका. माझं एवढं एक काम करा. नंदाच्या लग्नाला आता कुठं तीन वर्षं झालीत, गेणू अजून नोकरीत आहे. सकाळी मळवलीच्या अलीकडे रुळावर हातोडा घेऊन भेटेल. कुणीतरी जाऊन त्याला सांगा, की त्याच्या पोरीला शाळेचा कंटाळा आला नव्हता.