एकशे पाच

ऐश्वर्या मगदूमचं एक पक्कं मत होतं, की माणसं व्यायाम करत नाहीत, नुसतं करतो म्हणतात. मंगळवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांच्या फिजिओथेरपी क्लिनिकमधून सात वर्षांत शेकडो तक्ते बाहेर गेले होते आणि त्यातले निम्मे कुणाच्या ना कुणाच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली पिवळे पडत होते. म्हणून ती तक्ता लिहितानाच हात थोडा सैल सोडायची. पंधरा मिनिटं हवी असतील तर वीस लिहायची, म्हणजे बारा तरी होतील. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, पण आजवर कुणाचं त्यानं बिघडलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ते बिघडलं.

ती मोबाइलमध्ये एका बाईच्या गुडघ्याचा एक्स-रे शोधत होती. शोधता शोधता जिनेश चौगुलेनं सोमवारी पाठवलेला एक फोटो समोर आला. जिनेश म्हणजे तिच्या पेशंटचा, अप्पांचा, मुलगा. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या.' त्याखाली तिचा उत्तरादाखल अंगठा होता. अंगठा पाठवला होता आणि फोटो उघडायचा राहिला होता. तो तिनं आता उघडला आणि वाचता वाचता खुर्चीत बसली.

चिठ्ठीत एक गोळी नवीन होती, नाडी मुद्दाम हळू ठेवणारी. अप्पांना अँजिओप्लास्टी होऊन सव्वा महिना झाला होता, त्यामुळे डॉक्टरांनी ती द्यावी यात नवल काही नव्हतं. पण ती गोळी घेणारा माणूस कितीही चालला तरी त्याची नाडी फार वर चढत नाही. गोळीचं कामच ते. आणि अप्पांच्या तक्त्यावर ऐश्वर्यानं स्वतःच्या हातानं, लाल पेनानं लिहिलं होतं: 'नाडी १०५ पर्यंत न्यावी. मग दहा मिनिटं तोच वेग. मग घरी.' शंभरच पुरे होते. ते वरचे पाच तिच्या सवयीचे होते.

गोमटेश अप्पा म्हणजे बिद्रीच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढलेला माणूस. ट्रॅक्टर काट्यावर आला की आकडा स्थिर होईपर्यंत शेजारी कुणी शिंकलेलंही त्यांना खपायचं नाही. असा माणूस तक्ता फ्रिजवर लावून विसरणाऱ्यांतला असेल कसा? तिनं त्यांचे रोजचे मेसेज काढले. ते रोज संध्याकाळी नेमानं यायचे आणि ती रोज त्यांनाही अंगठाच द्यायची.

'मंगळवार. पस्तीस मिनिटे. नाडी ८४. कमी.'

'बुधवार. पन्नास मिनिटे. ८५. कमी.'

'गुरुवार. एक तास दहा मिनिटे. ८६. क्षमस्व.'

'शुक्रवार. जागा बदलली. ८८. उद्या होईल.'

आकडा येईना म्हणून ते रोज जास्त चालत होते. तिनं अप्पांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग जिनेशला लावला. तो मालाची गाडी घेऊन गडहिंग्लजला गेला होता आणि मागं बाजाराचा गलका होता.

"अप्पा कुठं आहेत?"

"चालायला गेलं असतील की. साडेचारलाच भाईर पडत्यात."

"फोन उचलत नाहीयेत."

"फोन घरातच ऱ्हातोय मॅडम. तुम्हीच लिवलंय न्हवं, चालताना फोन नको म्हणून?"

लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीत, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. तिनं कुलूप दाबून लावलं, क्लिनिकची किल्ली आतल्या ड्रॉवरमध्येच राहिली हे मग कळलं, तरी न थांबता तिनं स्कूटर काढली. गुडघेवाली बाई पायरीवर येऊन बसली होती. तिला काय सांगितलं ते ऐश्वर्याला मिरजकर तिकटीचा चौक येईपर्यंत आठवेना.

चालायला तिनंच गांधी मैदान नेमून दिलं होतं. सपाट जागा, चढ नाही, दमलं तर बसायला कट्टा. ती मैदानाला एक चक्कर मारून आली. क्रिकेटची पोरं होती, पेन्शनर होते, एक कुत्रं होतं. पांढरी टोपी घातलेले अप्पा नव्हते. फाटकाशी चिरमुरे विकणाऱ्या आक्काला तिनं विचारलं.

"त्ये हाताला बोटं लावून उभं ऱ्हाणारं म्हातारं व्हय?" आक्का म्हणाली. "काल बी न्हाई आलं, आज बी न्हाई. म्हणत हुतं, सपाटीला आकडा येईना झालाय, आता टेंबलाईच्या पायऱ्या बघतो म्हणून."

टेंबलाई म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाची टेकडी. राजारामपुरीतून जाताना प्रत्येक सिग्नल तिच्यासाठीच लाल झाल्यासारखा वाटला. सिग्नलवर ती दोन्ही पायांनी रस्ता चाचपत स्कूटर इंचाइंचानं पुढं सरकवत होती आणि शेजारचा रिक्षावाला तिच्याकडं बघत होता. ती मनात पायऱ्या मोजत होती, अप्पांचं वय मोजत होती, अडुसष्ट. आपल्या हातून माणूस गेला तर, हा विचार ती सारखा बाजूला सारत होती आणि तो सारखा परत येत होता. गोळी डॉक्टरांनी बदलली होती, फोटो जिनेशनं वेळेवर पाठवला होता, अप्पा तर अक्षर न् अक्षर पाळत होते. बोट दाखवायला कुणी उरलंच नव्हतं, ती स्वतः सोडून.

पायऱ्यांच्या मध्यावर तिला टोपी दिसली.

अप्पा उभे होते. सदरा पाठीला चिकटला होता. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर आणि नजर घड्याळावर. ती धापा टाकत वर पोचली आणि "अप्पा" म्हणाली, तर त्यांनी मान वर न करता तिला डाव्या हाताच्या बोटानं थांबवलं. मोजणी चालू होती. ऐश्वर्या खरोखर थांबली, कारण ते बोट काट्यावर ट्रॅक्टर थांबवणारं होतं.

"सत्त्याऐंशी," अप्पा म्हणाले. चेहरा राखाडी पडला होता. "कालच्यापेक्षा एक कमी. तिसरी फेरी हाय ही. मी लई प्रयत्न केला बघा, मॅडम."

"बसा. इथंच बसा आधी. छातीत काही होतंय?"

"छातीत न्हाय. ह्या डाव्या खांद्याला जरा जड वाटतंय मघापास्नं. पण आकडा झाल्याबिगार थांबायचं कसं?"

जिभेखालची गोळी त्यांच्या खिशात होती, तेही तिनंच तक्त्यात लिहिलं होतं. तेवढं एक बरोबर लिहिलं गेलं होतं. तिनं गोळी दिली, १०८ ला फोन केला आणि दोघं पायरीवर बसून राहिली. वर जाणारी माणसं बाजूनं वाट काढत होती. पाच मिनिटांनी अप्पांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला आणि त्यांनी सवयीनं पुन्हा मनगटाकडं बोटं नेली. तिनं त्यांचा हात धरला आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही.

"अप्पा, चूक माझी आहे. तुमची नवी गोळी नाडी वर जाऊच देत नाही. तो आकडा कधीच येणार नव्हता. चिठ्ठीचा फोटो माझ्याकडं सोमवारपासून होता आणि मी तो बघितला नाही."

अप्पांनी मोकळ्या हातानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे काटाच बिघडल्याला. आणि मी समजत हुतो, गडी कमी पडतोय."

हॉस्पिटलात त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. झटका आला नव्हता, पण फार लांबही नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. गडहिंग्लजहून आलेल्या जिनेशला तिनं दारातच सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. त्यानं ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढून तो अंगठा तिच्यापुढं धरला आणि आत निघून गेला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे दिवस तिला एका जागी बसवेना. तिनं सगळ्या पेशंटच्या फाइली काढल्या, प्रत्येकाला फोन करून कुठली गोळी चालू आहे ते विचारलं, आणि वाढवून लिहिलेला प्रत्येक आकडा खोडला. रात्री जेवताना ताटावरून दोनदा उठली. आई म्हणाली, "अगं, बस की जरा," तर बसल्या बसल्या पाय हलवू लागली. अप्पा आता दुसरीकडं जातील आणि तेच बरोबर होईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

डॉक्टरांनी सपाटीवर हळू चालायला परवानगी दिली, त्याच दिवशी अप्पा तिच्या दारात उभे राहिले.

"जिनेश नको म्हणत हुता," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मी म्हटलं, जी चुकलं म्हणून तोंडानं सांगती, तिच्याकडंच जायचं. तक्ता द्या."

तिनं तक्ता दिला. या वेळी त्यात नाडी नव्हती. लिहिलं होतं: 'चालता चालता नीट बोलता आलं पाहिजे. बोलताना मध्येच धाप लागून वाक्य मोडलं, तर वेग कमी करणे. छाती, खांदा, जबडा, कुठंही जड वाटलं तर तिथंच बसणे.' अप्पांनी ते दोनदा वाचलं.

"बोलायचं," ते म्हणाले.

"हो. वीस मिनिटं."

"कुणाशी?"

ऐश्वर्याच्या फॉर्मवर साखर, रक्तदाब, तंबाखू, जुनी ऑपरेशनं, सगळ्याला रकाने होते. हा प्रश्न त्यात कुठंच नव्हता.

"जिनेश आठाला भाईर पडतोय, रातीला नऊला येतोय," अप्पा सांगत होते, तक्रार नव्हे, माहिती म्हणून. "सून बी दुकानात असती. पद्मावतीला जाऊन तीन वर्सं झाली. दिवसाला धा-बारा वाक्यं हुत्यात घरात. ती बी जेवलासा का, गोळी घेतलासा का, एवढीच. वीस मिनिटांचं बोलणं आणू कुठनं?"

"माझ्याशी बोला," ती म्हणाली. आधी ठरवलेलं काही नव्हतं. "सकाळी सहाला. फोन बरोबर घेऊन जा."

"फोन नको असं तुम्हीच लिवलं हुतं."

"तेही चुकलंच."

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच उठली. सहा वाजले. सहा पाच झाले. ती स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होती, चहावर साय धरली होती. सहा आठला तिनं स्कूटरची किल्ली हातात घेतली. सहा अकराला फोन वाजला.

"गोमटेश चौगुले बोलतोय. मैदानात हाय. ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय. उशीर का झाला, अप्पा?"

"काय बोलायचं त्ये आठवत बसलो हुतो."

आणि ते बोलू लागले. काट्यावरचा पहिला गळीत हंगाम, रांगेत उभ्या बैलगाड्या, एका पावण्यानं काट्यावर चढून स्वतःचंच वजन करून घेतलं ते. ऐश्वर्या ऐकत होती, पण गोष्ट नव्हे, श्वास ऐकत होती. शब्दांच्या मधल्या जागा सारख्या होत्या. वाक्यं लांब होत होती आणि सुरळीत पार पडत होती. कितीतरी दिवसांनी ती खुर्चीला पाठ टेकून बसली.

"मग पद्मावती डबा घेऊन यायची," अप्पा म्हणाले. "आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे, म्हणून चार वाजता चालत निघायची तवाच्या गावातल्या घरातनं. मी म्हणायचो, सायकलवाल्याकडं दे की डबा. तर म्हणायची, येताना मी एकटी असती, पर जाताना..."

वाक्य तिथं मोडलं.

ती ताडकन उभी राहिली. "अप्पा, थांबा. बसा खाली. धाप लागली का?"

पलीकडं मैदानावरची पाखरं तेवढी ऐकू येत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"धाप न्हाय, पोरी," अप्पा म्हणाले.

ऐश्वर्या पुन्हा खाली बसली. "बरं," ती म्हणाली. "मग सावकाश सांगा. मी आहे फोनवर."