सिंहाचा मागचा अर्धा

किल्ला शत्रूच्या तोफांनी पाडला, असं गाईड रोज सांगत असे. खरं तर तोफांनी एक बुरूज तेवढा पडला. बाकीचा किल्ला गावाने नेला. हातगाड्यांवर घालून, सवडीने, तीन-चार पिढ्या. शत्रूला जे साधलं नाही ते गोठे बांधणाऱ्यांनी करून दाखवलं. पण धापा टाकत वर आलेल्या पाहुण्यांना 'आमच्याच पणजोबांनी पाडला' असं सांगणार कोण?

गाईडच्या पणजोबांनी सिंह आणला होता. म्हणजे सिंहाचा मागचा अर्धा. तोंड आणि पुढचे पाय किल्ल्याच्या दरवाजाशेजारीच राहिले. कंबर, मागचे पाय आणि शेपूट गाईडच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या भिंतीत. गाईडची बायको ओलं फडकं शेपटीवर वाळत घाली आणि तिथेच हात टेकून बाहेर बघत राही. "या घरात सगळ्यांचीच माझ्याकडे पाठ," असं म्हणे. गाईड तेव्हा पेपर वाचत असे. वर्षानुवर्षं हात लागून दगड काळा, गुळगुळीत झाला होता.

ती गेली त्याला हिवाळा उलटला. दुसऱ्याच आठवड्यात गाईड कामावर गेला आणि राजा, वेढा, भुयार सगळं जुन्याच चालीत सांगू लागला. थोरली बहीण अधूनमधून डबा घेऊन येई.

"अरे, एकदा रडून घे बाबा. मोकळा होशील."

"बघतो, ताई," तो म्हणे. जणू तिने गळका नळ बघायला सांगितला होता.

मग पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. गावात गेलेले कोरीव दगड परत जागेवर बसवायचे, असं वरून ठरलं होतं.

"सिंह जोडायचाय. तुमची भिंत आम्ही विटांनी बांधून देऊ."

"न्या," गाईड म्हणाला.

"अरे, न्या काय न्या!" ताई उसळली. "तिचा हात असायचा रे त्याच्यावर!"

"दगड किल्ल्याचाच आहे, ताई."

त्याला खरंच काही वाटलं नाही. मजुरांनी छिन्नी चालवली तेव्हाही नाही. तो पेपर धरून बसून राहिला. तेवढ्यात साहेबांनी शेपटीवर बोट फिरवलं.

"तेलकट आहे. ॲसिडने धुतला की नवा होईल."

गाईड उठला. का उठला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"धुवायचा नाही."

"का?"

इतक्या वर्षांची सवय. तोंड आपोआप सुरू झालं, तेही पाहुण्यांसमोरच्या आवाजात. "वेढा पडला तेव्हा राणी रोज इथे हात टेकून उभी राहायची. राजाची वाट बघत. तिच्या हाताचा डाग आहे हा."

"हे कुठे वाचलं नाही मी."

"लिहिलंच नाही कुणी."

"कोणती राणी?"

"शेवटची."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सिंहाकडे. फडकं अजून शेपटीवरच होतं. वाळून, कडक होऊन शेपटीच्याच आकाराचं झालेलं. ते त्यांनी अलगद उचललं आणि ताईच्या हातात दिलं. मजुरांना म्हणाले, "याला पाणीसुद्धा लावू नका."

ताई फडकं घेऊन अंगणात गेली आणि दोघांच्या वाटचं रडून आली. गाईडने तोवर चहा टाकला होता. साखर घालायला विसरला, पण तो तसा नेहमीच विसरायचा.

आता दरवाजाशेजारी सिंह सबंध आहे. खाली पाटी आहे: 'राणीच्या हाताचा डाग. स्पर्श करू नये.' त्यामुळे सगळे स्पर्श करतात. गाईड राणीची गोष्ट भुयाराच्या आधी सांगतो, त्याच चालीत.

एकदा एका बाईंनी डागावर हात ठेवून विचारलं, "मग राजा आला का हो परत?"

"आला की. रोज संध्याकाळी यायचा," गाईड म्हणाला. "यायचा आणि तिच्याकडे पाठ करून बसायचा."

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

"पुढे चला," गाईड म्हणाला. "पायऱ्या निसरड्या आहेत, जपून."