पेन्सिलीच्या भुवया

मित्रांनो, मी एक जुना, शिंगाचा कंगवा आहे. माझे तीन दात पडले आहेत, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

एका कारागिरानं शिंग तापवून, दाबून सपाट केलं, करवतीनं माझे दात पाडले आणि घासून घासून मला गुळगुळीत केलं. दोघी बहिणींनी मला विकत घेतलं. त्यांनी नुकतंच केस कापायचं दुकान उघडलं होतं. थोरली केस कापायची, धाकटी चेहऱ्याचं नि भुवयांचं काम बघायची. मी थोरलीचा. तिचा हात काय चालायचा म्हणून सांगू! गिऱ्हाईक सासूची एक कागाळी संपवेपर्यंत केस कापून तयार. लोक तिची तारीफ करत आणि मी तिच्या मुठीत उगाच ताठ व्हायचो.

पुढे तो हात मंदावला. एकदम नाही, हळूहळू, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ऐन उन्हाळ्यात थोरली स्वेटर घालून उभी राहू लागली. तिची बोटं मानेला लागली की गिऱ्हाईक दचकायचं. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, जेवण निम्म्यावर आलं तरी वजन वाढतच गेलं. दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची.

धाकटी आधी थट्टा करायची, "उठली का आमची गोगलगाय?" मग चिडू लागली. "ताई, अगं किती आळस तो! सगळा भार माझ्या एकटीवर."

"मलाच कळत नाही गं," थोरली म्हणायची. "झोपून उठले तरी थकलेलीच असते."

मला धाकटीचा फार राग यायचा. पण कंगव्याला दात असतात, जीभ नसते.

सकाळी थोरली माझ्यानं स्वतःचे केस विंचरायची. केस कोरडे, राठ, आणि माझ्या दातांत पुंजकेच्या पुंजके. बिचारी रडकुंडीला यायची. आता या दोघींचा जन्म केसांतच गेलेला. केस गळतात म्हटल्यावर त्यांनी इलाज केले तेही केसांवरच. तेलं झाली, लेप झाले, केस आखूड कापून झाले. मग भुवयांची बाहेरची टोकंही झडली. दुसऱ्या कुठल्या घरात एव्हाना डॉक्टर आठवला असता. इथं धाकटीच्या हातात पेन्सिल होती. ती रोज ताईची हनुवटी वर उचलून दोन्ही टोकं पुरी करायची, आणि काय सुबक करायची! "झालं बघ. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

आणि खरंच कळलं नाही. एक नर्सबाई नेहमी केस कापायला येत. एकदा त्या थोरलीच्या सुजऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आता विचारतील, मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "भुवया मात्र छान आहेत हो तुमच्या." त्या वेळी मला अक्षरशः ओरडावंसं वाटलं.

हिवाळा आला. थोरलीला साधा खोकला झाला आणि ती आणखीच गळून गेली. एका दुपारी ती मला हातात धरूनच खुर्चीत झोपली. "झोपू दे, उठवून तरी काय उपयोग," असं म्हणत धाकटी कामाला लागली. मी थोरलीच्या हातातून फरशीवर पडलो, माझे दात मोडले, तरी तिला जाग आली नाही. धाकटीनं मला उचललं, ताईचा हात धरला आणि ती किंचाळली. हात बर्फासारखा होता.

थोरलीचा श्वास तेवढा चालू होता; तिला दवाखान्यात नेलं, आणि धाकटीच्या खिशातून मीही गेलो. तिथं डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं थोरलीचा चेहरा पुसला. कापूस काळा झाला.

"या भुवया कधीपासून गेल्यात?"

"वर्ष झालं असेल," धाकटी म्हणाली. "मीच काढून द्यायचे."

डॉक्टरीणबाईंनी तो कापूस बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "गळ्यात थायरॉइड नावाची छोटीशी ग्रंथी असते. शरीराची शेगडी किती आचेवर ठेवायची, ते तिच्या हाती. ती मंदावली की सगळंच मंदावतं. हातपाय, पोट, डोकं, हृदयसुद्धा. आळस नव्हता हो तो. रक्ताच्या एका तपासणीत कळलं असतं, आणि बहुतेक रोजच्या एका गोळीवर भागलं असतं."

औषधं सुरू केली, पण फार उशीर झाला होता. थोरली गेली. धाकटी तिच्या उशाशी बसून एकच वाक्य म्हणत होती, "मी तुला आळशी म्हटलं गं."

कितीतरी दिवस दुकान बंद होतं नि मी खणात धूळ खात होतो. मग एका सकाळी धाकटीनं दुकान उघडलं, मला काढलं, स्वतःचे केस विंचरले, आणि माझ्या दातांत पुंजका अडकला. तिचा हात सवयीनं तेलाच्या बाटलीकडे गेला आणि तिथंच थांबला. हा आजार भावाबहिणींतही निघतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिनं दुकानाला परत कुलूप लावलं आणि ती तपासणीला गेली. तिलाही तेच निघालं.

आता ती रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेते. चहा त्यानंतर बऱ्याच वेळानं. बरं वाटतंय म्हणून तिनं गोळी आपल्या मनानं सोडलेली नाही.

मित्रांनो, केस गळणारा प्रत्येक जण आजारी नसतो, एवढं मलाही कळतं. पण घरातलं चपळ माणूस हळूहळू मंदावलं, सगळे घामाघूम असताना त्यालाच थंडी वाजू लागली, तर त्याला नावं ठेवू नका. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

पेन्सिल अजून माझ्या शेजारीच असते. परवा एक मुलगी आली, म्हणाली, "मावशी, भुवया विरळ झाल्यात, जरा भरून द्या ना." धाकटीनं पेन्सिल उचलली, मग परत ठेवली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"देते. पण आधी सांग, बाळा, थकवा फार येतो का गं तुला?"