विमानाच्या शेपटीचा कौल

दर रविवारी भर दुपारी वच्छलाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. निम्मं मांडवगण फराटा तिथं लोटायचं. ओसरीवर देवघर, त्यात खंडोबाचा आणि वाडवडिलांचे चांदीचे टाक, आणि टाकांशेजारी भंडारा माखलेलं एक फोमचं विमान. रखमाजी देवऋषी घुमत घुमत प्रश्न विचारायचा आणि विमानाची शेपटी आपोआप हलायची. उजवीकडे म्हणजे होय, डावीकडे म्हणजे नाही. बायका पदराने डोळे पुसायच्या.

"देह गेला, आन् पोरगं इमानात येऊन बसलं!" रखमाजी गर्जायचा. "हाय का तुमच्या सायन्सकडं उत्तर?"

सायन्सने याच्या गुडघ्याला मात्र उत्तर दिलं होतं. शिरूरच्या डॉक्टरची गोळी घेतल्याशिवाय त्याला घुमताच येत नसे.

ते विमान मीच दुरुस्त केलेलं, म्हणून हे सांगताना लाज वाटते. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. वच्छलाबाईंचा मल्हार माझा जुना विद्यार्थी, पुढे कारखान्यात फिटर झाला. सुट्टीला आला की आम्ही दोघं रिमोटवर उडणारी विमानं बनवायचो. गेल्या वर्षी हे विमान उसाच्या खोडव्यात आदळलं. नाक चेपलं, डावा पंख मधोमध मोडला, पुढचं पातं तुटलं. नवं पातं आणायला मल्हार मोटारसायकलवर पुण्याला निघाला आणि यवतजवळ ट्रकखाली गेला.

पुढचे पाच आठवडे मी ते विमान घेऊन बसलो. पंखात बांबूच्या काड्या घालून तो सांधला, नाक नव्या फोममधून कोरलं, शेपटी हलवणारी छोटी मोटार बदलली. पातं नाही बसवलं, हात धजला नाही. मग विमान, रिमोट, चार्जर, सगळं नेऊन वच्छलाबाईंना दिलं.

त्यांनी ते देवघरात ठेवलं. गेलेल्या माणसाचा टाक करून देवात बसवायची आपल्याकडे रीतच आहे. या माउलीला लेकाचं विमान हाच त्याचा टाक वाटला. पण एकदा वस्तू देवात गेली की तिला कोण हात लावणार? आणि "पोराची चीज हाय, भीमंत सोडून येतो," म्हणून रिमोट आणि चार्जर रखमाजीचा चेला हणमंता घेऊन गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण वच्छलाबाईंना साखरेचा आजार, रोजची इन्सुलिनची सुई. एका रविवारी रखमाजीने विचारलं, "आईनं सुई सोडून भंडारा खावा का?" शेपटी उजवीकडे गेली. त्यांच्या तळपायाला बोटांखाली जुनी जखम होती, ती तीन आठवड्यांत काळी पडली.

त्यांची मुलगी सोनम माझ्याकडे रडत आली. "सर, डाक्टर म्हणत्यात पाय कापावा लागंल. आन् आई म्हणती, मल्हार सांगंल तसं."

"विमानाला कुणी हात लावतं का गं?"

"फकस्त हणमंता. दर शनिवारी भीमंत आंघोळीला नेतो."

"परत आणतो तेव्हा ओलं असतं?"

"न्हाई. कोरडं ठाक असतंय."

आंघोळ कसली डोंबलाची! बॅटरी चार्ज करायला नेत होता तो.

रविवारी सकाळी, पंखाचा सांधा सुटलाय, चिकटवून देतो, असं सांगून मी गेलो. मूळ दुरुस्ती माझी, त्यामुळे वच्छलाबाई नको म्हणाल्या नाहीत. मी विमानाचं पोट उघडलं. आत रिसीव्हर असतो, विमानाचा कानच म्हणा. ज्या रिमोटशी जोडावा त्याचंच तो ऐकतो. मी तो माझ्याकडच्या रिमोटशी जोडला, आणि दुपारी तो रिमोट पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन गर्दीत बसलो.

"सांग मल्हारी," रखमाजीने सुरुवात केली, "आईनं पुन्ना सुई घ्यावी का?"

मी पिशवीतल्या रिमोटची दांडी ढकलली. शेपटी उजवीकडे गेली.

रखमाजीचं घुमणं थांबलं. त्याने हणमंताकडे पाहिलं. हणमंता झोळीत हात घालून घामाघूम झाला होता.

"नीट सांग रं. सुई घ्यावी का?"

पुन्हा उजवीकडे. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी उठणारच होतो, तेवढ्यात वच्छलाबाई सरकत सरकत देवघरापाशी गेल्या. रखमाजीला त्यांनी विचारलंच नाही, थेट विमानाशी बोलल्या.

"बाळा, ट्रक अंगावर आला तवा लई लागलं का रं?"

माझं बोट दांडीवरच होतं. डावीकडे एवढंसं ढकललं असतं, तर ती बाई वर्षभरात पहिल्यांदा सुखाने झोपली असती. खरं सांगतो, मला ढकलायचं होतं. पण मग रखमाजीत आणि माझ्यात फरक काय उरला असता?

मी बोट काढलं. शेपटी हलली नाही.

"बोल की रं," त्या म्हणाल्या.

मला ते ऐकवेना. मी उठलो, रिमोट बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत दांडी हलवली. उजवीकडे, डावीकडे. शेजारच्या भारतने हणमंताची झोळी उपडी केली, तर भीमेत सोडलेला रिमोट भंडाऱ्यात लडबडून बाहेर आला. पळताना मात्र रखमाजीचे गुडघे बरोबर चालले. लोक शिव्या घालत मागे धावले.

वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"म्हंजी इतकं दिस माझ्याशी हणमंता बोलत व्हता?"

"होय."

"आन् आज तुम्ही?"

"होय. मल्हार गेलाय, वच्छलाबाई."

त्या ओरडून रडल्या. अंगणात त्याला आणला त्या दिवशीही अशा रडल्या नव्हत्या. सोनमने त्यांना कवेत घेतलं. मी चोरासारखा उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. "सर, तुम्ही शिकल्यालं हाय. तुम्ही सांगा, लागलं असंल का त्याला?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"निदान तुम्ही तरी खरं बोलला," त्या म्हणाल्या. मग लेकीला हाक मारली, "सोनमे, आण ती सुई."

त्यांच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. गेलेल्या माणसाच्या नावाने तुमचं औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर हात जोडून सांगतो, घरच्या देवाची भीड धरू नका, आधी सांगणाऱ्याची झोळी उघडा. आपलं माणूस परत बोलत नाही. हे कळल्यावर वच्छलाबाई कोसळल्या, पण त्या आज चालतात.