रविवारी दोन ते चार

“तुमच्याकडे बर्फ किती पडलाय हो?” फोनवरच्या बाईंनी विचारलं आणि जोलीनने यादीतल्या सत्ताविसाव्या नावावर काट मारली.

अमेरिकेतल्या मिनेसोटात तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. आधी हवापाण्याची चौकशी होते, मग ‘आठवड्याअखेर कळवतो’, आणि तो आठवडा काही संपत नाही. तिथल्या डुलूथ शहराच्या इस्पितळातून बऱ्या झालेल्या म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमांत जागा शोधून देता देता जोलीनची एकवीस वर्षं गेली होती. तिला या गोडव्याची भाषा पाठ होती.

ऑर्व्हिल लिंडग्रेनना शुक्रवारी इस्पितळातून सोडणार होते. वय एक्याऐंशी, उजवा हात अर्धांगाने लुळा, रोजचं इन्शुलिन. आणि नाव सरकारी यादीत, लैंगिक गुन्हेगार म्हणून. जागा मिळाली नाही, तर बेघरांच्या निवारा केंद्रातली खाट. तिथे सुई टोचायला कुणी नव्हतं.

“कितवा झाला?” ऑर्व्हिलनी विचारलं.

“सत्ताविसावा.”

“बर्फाचं विचारलं?”

“विचारलं.”

“मग झालंच!” म्हातारा हसला, जोलीनही हसली. मग तो डाव्या हाताने चादर सारखी करत म्हणाला, “त्यांचं चुकत नाही हो, जोलीनबाई. मीही बर्फाचंच विचारलं असतं.”

अठ्ठाविसावा फोन एका तळ्याकाठच्या छोट्या वृद्धाश्रमात लागला. तिथल्या व्यवस्थापक मारितने बर्फाचं नावही काढलं नाही.

“शाळा चार मैल लांब आहे. पण रविवारी नातवंडं येतात. आणि कायद्याप्रमाणे प्रत्येकाला त्यांच्या गुन्ह्याचा कागद द्यावा लागेल. जेवणाच्या यादीखाली सरकवून देते. कोण वाचतंय!”

तेवढ्यावर काम झालं असतं. पण जोलीन म्हणाली, “नको. मी येते. कॉफीच्या वेळी मोठ्याने वाचते.”

“अगं, कप फुटतील!”

“फुटू देत.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बावीस म्हातारेकोतारे कॉफी आणि लिंबाच्या वड्या घेऊन बसले होते. जोलीनने कागद वाचला. नव्वदीची आर्डिस कानामागे हात धरून म्हणाली, “अगं पोरी, ही सरकारी भाषा ठेव बाजूला. केलं काय त्याने?”

जोलीन अठ्ठावन्न वर्षांची होती, पण इथे पोरच.

“एकतीस वर्षांपूर्वी. शेजारची अकरा वर्षांची मुलगी. नऊ वर्षं तुरुंगात होते.”

“खोटा आळ वगैरे?”

“नाही. ‘मी केलं’ असं ते स्वतःच सांगतात.”

वड्यांकडे कुणाचा हात गेला नाही. मग जोलीनने ऑर्व्हिलनी डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचली. ‘मुलं येतील तेव्हा मी खोलीत असेन. कुणी सांगायची वाट बघणार नाही. दाराशी माणूस बसवलात तरी चालेल.’

“रविवारी दोन ते चार,” आर्डिसने ठरवूनच टाकलं. “आणि दाराशी मी बसेन. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी. मागचं सगळं दिसतं मला.”

“आर्डिस, तुला समोरची वडी दिसत नाही!” कुणीतरी ओरडलं आणि सगळं दालन हसलं.

“दाराशी नर्स बसेल,” मारितने घाईने सांगितलं.

खिडकीजवळची इनेझ मात्र हसली नाही. “माझा नकार लिही. ती मुलगी आज बेचाळीसची असेल. तिच्यासाठी कोण फोन फिरवतंय?”

जोलीनने पेन काढलं. “माझ्या यादीत तिचं नाव नाही, इनेझ.”

“नसू दे. लिहून घे फक्त.”

जोलीनने शब्द न् शब्द लिहून घेतला. मग हात वर झाले. बाजूने पंधरा, विरोधात सहा. एक जण झोपला होता. परतताना गाडीत जोलीन इतक्या मोठ्याने आणि इतकी बेसूर गायली, की सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने वळून बघितलं.

तिसऱ्या रविवारी ती भेटायला गेली, तेव्हा ऑर्व्हिल, आर्डिस आणि आणखी दोघींचा पत्त्यांचा डाव रंगात आला होता. आर्डिस पानं डोळ्यांशी नेऊन बघत होती आणि चक्क हरत होती.

“लबाडी करतोस तू!”

“एका हाताने? ती कशी करू?”

दोनला पाच कमी होते. ऑर्व्हिलनी आपली पानं टेबलावर उपडी ठेवली, वॉकर ओढला आणि कुणाकडे न बघता खोलीकडे निघाले. नर्स मागोमाग गेली. थोड्याच वेळात बाहेरचं दार उघडलं, बर्फाळलेले बूट आणि पोरांचा कलकलाट आत शिरला.

आर्डिसची बोटं हळूच त्या पानांकडे सरकली.

“हात काढ,” खिडकीकडे तोंड करून बसलेली इनेझ वळलीही नाही. काचेत तिला सगळं दिसत होतं. “चारला येईल तो. पानं त्याची आहेत.”